चौथा तुकडा

साहेबांनी नकाशावर चार चौकोन आखले,
हिरव्या स्केचपेनने, प्रत्येकी अर्धा एकर.
रेवजी बरफ म्हणाला, चौकोनात चितळ जेवत नाही.
कडा वाकड्या ठेवा, आडोसा हवा त्याला;
तोंड खाली घातलं की पाठीला कान फुटतात.

मग टणटणी उपटली, मुळासकट.
आठवडाभर भाकरीलाही तिचाच वास.
मारवेलचे ठोंब वीतवीत अंतरावर,
पवन्याचं बी राखेत कालवून,
कडेला एक उंबर, वानरांसाठी.
ती अर्धं खातात, अर्धं खाली सांडतात.
पण ते दहा वर्षांनी.

झाडांपलीकडे बोरिवलीचे दिवे लागतात.
तेराव्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर,
शिट्ट्या इथवर.

भाद्रपदात आधी खाल्ला गेला तो चौथा तुकडा,
बी संपलं म्हणून नुसता साफ करून सोडलेला.
आपसूक उगवलेलं काहीबाही.
वहीत काय लिहावं, साहेबांना कळेना.

रेवजी उकिडवा बसून खूर वाचत होता:
एक मादी, एक पाडस, लंगडतंय जरा.
आणि चार हात मागे, ओल्या मातीत,
ज्याच्यासाठी आम्ही काहीच पेरलं नव्हतं
असं वाटत होतं आम्हाला,
त्याचा पंजा.