मापाबाहेरचे बूट

फाटकाची कडी तिनं आधी वर उचलली, मग सरकवली.
ते फाटक तिच्या बापानं बसवलेलं,
त्याला दुसऱ्या कुणाचा हात मानवत नाही.
मी मागे, खांद्यावर मेंढ्यांसाठी मिठाचा ठोकळा.
पुढे विल्मट एन्डाकॉट, वय एक्क्याऐंशी.
काठी आहे, पण टेकायला नाही, दाखवायला.

डार्टमूरच्या माळावरचं हे आडबाजूचं खोरं.
सप्टेंबर. हेदरचं जांभळं आता तपकिरी होतंय,
वास थोडा मधाचा, थोडा ओल्या कांबळ्याचा.
नेचे गंजलेत. वेरी नदी
(नदी कसली, दोन उड्यांचा ओढा)
दगडांखाली बडबडते, उघड्यावर आली की गप्प.

"हे बघ." काठी उजवीकडे.
नेच्यांत गुडघाभर उंचीची दगडांची कडी,
एक, तीन, सात, मग मोजणं सुटतं.
इथे माणसं नांदली, हजारो वर्षांपूर्वी.
दारं आग्नेयेला, कारण वारा पश्चिमेचा;
त्यांच्याबद्दल एवढं तरी कळतं.
एका घरात मेंढी बसलेली, नेमकी चुलीच्या जागी,
रवंथ करत, घरमालकिणीच्या तोऱ्यात.
विल्मटनं कानावरच्या खुणेवरून ओळखली.
"हॅनफर्डांची. भाडं देत नाही मेली."

पुढे उभा दगड, पुरुषभर उंच, एका अंगाला कललेला.
कोंबडा आरवलेला ऐकला
की हा नदीवर जातो पाणी प्यायला, असं सांगतात.
"दगड ऐकतो होय?"
"तेच तर," ती म्हणाली. "म्हणून अजून तहानलेला."
आणि थर्मासमधला उरलेला चहा
त्याच्या बुडाशी ओतला. सवयीनं, न बघता.

कथील गाळणाऱ्यांच्या भट्टीला छप्पर उरलं नाही.
साचा उरलाय, ग्रॅनाइटमध्ये कोरलेला चौकोनी खळगा.
त्यात पावसाचं पाणी
रोज आभाळाची एक वीट पाडतं.

तिथून वाट दलदलीच्या कडेनं.
हिरवी, इतकी हिरवी की पायांना मोह पडावा.
सात-आठ माणसं उभी, रंगीत जाकिटं, गळ्यात नकाशे,
आणि त्यांचा वाटाड्या, तरणा, गोड गळ्याचा:
"फार जुनी गोष्ट. रोमनांच्याही आधीची म्हणतात.
ह्या दलदलीत राहते शेवाळकेसांची बाई.
धुकं पडलं की केस विंचरत बसते,
आणि त्या फणीच्या आवाजामागे
एक अनवाणी पोर…"

विल्मट थांबली. मीही.
ठोकळा खांद्यात रुतत होता, पण खाली ठेववेना.

गोष्ट संपली. कुणी हसलं, कुणी फोटो काढला,
एका मुलीनं आईचा हात घट्ट धरला.
ते पाहून विल्मटनं मान हलवली, हलकेच,
आपली जुनी भिंत अजून उभी बघून गवंडी हलवेल तशी.

माणसं टेकाडाआड गेली, तेव्हा म्हणाली,
"रोमन कुठले! एकोणीसशे बावन्न.
ती बाई आमच्या आईनं रचली, पीठ मळता मळता,
डिगरी गेला त्या पंधरवड्यात.
बाकीची पोरं तिकडे फिरकू नयेत म्हणून.
शाळेत सांगितली, चर्चच्या पायरीवर सांगितली,
दूधवाल्याला सांगितली.
रडायला सवडच झाली नाही तिला."

वारा नेच्यांतून खरखरत गेला.

"एकच चुकतंय. अनवाणी नव्हता तो.
बापाचे बूट घातले होते, आत वर्तमानपत्र कोंबून,
वर नाड्यांची दुहेरी गाठ. मीच मारलेली.
पाय तरी सुटला असता, तर…"
फाटक ती कधी उघडं टाकत नाही.
हे वाक्य टाकलं.

मीठ नेहमीच्या दगडावर ठेवलं.
मेंढ्या आल्या, कुठून कोण जाणे,
आणि खरबरीत जिभांचा आवाज सुरू झाला,
कुणी केस विंचरावेत तसा.

"त्या वाटाड्याला सांगायचं का?"
"कशाला? बुटांना कोण भितं?"

परतताना दलदल लागायच्या आधी
ती वाकली, स्वतःच्या नाड्या सैल केल्या,
मग काठीनं माझ्या पायाकडे दाखवलं.
"ती दुसरी गाठ सोड.
इथे नको."