वाटी

कागदावर मी तिला पटेला लिहितो.
त्र्यंबकराव कर्डे वाटी म्हणतात,
आणि म्हणताना तळहात खोलगट करतात,
जणू आत आमटी आहे.

पन्नास वर्षं इंदूरच्या कसेरा बाजारात उकिडवं बसून
हंडे, बंब, घागरी ठोकल्या.
गुडघे गेले. जाणारच.
मी फिल्म दिव्यावर लावली:
हे मांडीचं हाड, ही नळी,
दोन्ही कापून धातू बसवायचा, यात वाद नाही.
वाद वाटीचा आहे.
आतून घासून तिला प्लास्टिकचं अस्तर द्यायचं
की आहे तशी ठेवायची.

"म्हणजे कल्हई," ते म्हणाले.
मी म्हटलं, जवळपास.
"मग विचारताय काय? करून टाका भिया."

विचारतो अशासाठी, की
माझे पुण्याचे सर एकही वाटी सोडत नसत;
म्हणत, आज ठेवाल
तर उद्या जिना चढताना पेशंट तुमचंच नाव घेईल.
नंतर ज्यांच्या हाताखाली होतो ते तिला शिवतही नसत;
म्हणत, पातळ केलेली वाटी कधीतरी तडकते,
आणि तडकलेली सांधणारा मला अजून भेटायचाय.
दोघांचेही पेशंट चालत घरी जायचे.
दोघांचेही काही लंगडत परत यायचे.

त्र्यंबकरावांनी सगळं ऐकून घेतलं.
"पत्रा किती जाड आहे?"

मंगळवारी कमरेखालचे त्र्यंबकराव बधिर,
वरचे जागे.
हिरव्या पडद्यापलीकडून हातोडी ऐकत होते.
"कोण मारतंय? मनगट आखडलंय त्याचं.
तीन मार, एक सोड."
माझ्या ज्युनिअरने तीन मारले, एक सोडला.
बरं बसलं.

वाटी उलटी केली.
आतला मऊ थर कधीच उडालेला,
हाड उघडं, हस्तिदंतासारखं चकाकतं,
त्यावर उभ्या रेघा.
कॅलिपर लावला.
"चोवीस मिलिमीटर," मी मोठ्यानं म्हटलं.
"भरपूर," पडद्यापलीकडून. "घासा."
घासली. तीन भोकं, सिमेंट,
एक पांढरं बटण.

दोन वर्षांनी उजवा.
ही वाटी एकोणीस,
आतून बरीचशी शाबूत.
त्या दिवशी पडद्यापलीकडे नुसतं घोरणं.
विचारायला कोणी नव्हतं.
कडेचे काटे तेवढे खुडले
आणि होती तशी पालथी घातली जागेवर.
डिस्चार्जच्या कागदात तसं लिहिलंय,
पण तो कागद कोण वाचतं?

काल आले, रामबागेतून पायी,
लिफ्ट चालू असून जिन्याने.
मी विचारलं, कुठला बरा?

उठले, बसले, पुन्हा उठले.
हा माणूस दिवे गेले तरी
बोटाच्या टिचकीवर सांगायचा
कुठल्या पातेल्याची कल्हई उडाली ते.
डोळे मिटून त्यांनी उजव्यावर हात ठेवला.
"हा. कल्हईवाला."

मी प्रिस्क्रिप्शनवर तारीख घातली.
आधीच घातलेली होती.

मग त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर एकेक टिचकी मारली,
मान कलती करून.
"आवाज दोघांचाही बद्द.
पण थंडीत डावा जरा कुरकुरतो हं, डॉक्टर.
त्याची तेवढी करायची राहिली."

सांगावं, असं जिभेवर आलं होतं.
ते तोवर जिन्याशी पोचले होते,
कठड्याला हात न लावता उतरत होते,
आणि मी वरून बघत राहिलो
कुठला पाय आधी टाकतात.

उद्या सकाळी आठला एक बाई आहेत.
फॉर्मवर वाटीपुढची चौकट
मी कोरी सोडली आहे.