समासातली पेन्सिल

एलेउतेरिओ सरांची वही
आमच्या जन्माआधीच पिवळी पडली होती.
तिच्यातून ते भरती-ओहोटी सांगायचे,
आम्ही ती उतरवून घ्यायचो
स्वल्पविरामांसकट.
खिडकीबाहेर खरी भरती
शाळेच्या लाकडी खांबांना चाटून जायची.
तिकडे नजर गेली की खडू यायचा उडत.

चिलोए बेटावरचा जुलै. ऐन थंडी.
दुपारी साडेतीनला वीज गेली.
"सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेला"
इथवर सर आले होते,
आणि वही दिसेना म्हणून
पुढचं वाक्यही सापडेना.

शेवटच्या बाकावरून एल्सिरा म्हणाली,
"पण आई तर पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी जाते
शेवाळ काढायला.
खडक तेव्हाच पुरते उघडे पडतात."

एल्सिराचा आवाज असा आहे
हे आम्हाला तेव्हा कळलं.

सर म्हणाले, पुस्तकात पौर्णिमा आहे.
बाउतिस्ता म्हणाला,
पुस्तक कधी होडीत बसलंय का?
अंधार होता म्हणून धजावला.

मग कुणाच्या खाडीत दीड दिवस,
कुणाच्या वाऱ्यावर सगळं,
कुणाच्या आजोबांनी म्हणे दांडीवर खुणा केलेल्या.
"तुझे आजोबा पिऊन खुणा करायचे,"
ओर्तेन्सिया म्हणाली, आणि जुंपलीच.
कुणीतरी शेगडीचं दार उघडलं,
तेवढ्या तांबूस उजेडात
बाकावर ओल्या बोटानं बेट काढलं,
पुसलं, पुन्हा काढलं.

मी म्हटलं, पाणी जड असतं.
चंद्रानं हाक मारली
तरी उठायला त्याला वेळ लागत असेल.

हसतील असं वाटलं.
सर उठून माझ्या बाकावर येऊन बसले.
कोटाला ओल्या लोकरीचा वास.
"पुन्हा सांग," म्हणाले.
एकतीस वर्षांत हे दोन शब्द
त्यांनी फक्त शिक्षा म्हणून वापरले होते.
मी पुन्हा सांगितलं. जरा वेगळं झालं.
"आणि हे खरं का, ते कसं तपासायचं?"
त्यांनी विचारलं,
आणि आम्ही वाट पाहिली,
ते उत्तर सांगतील म्हणून.
त्यांना ते येत नव्हतं.

वीज आली तेव्हा
आम्हाला थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा वहीपाशी.
वही टेबलावर उघडी होती, मी चोरून पाहिलं.
पौर्णिमेशेजारी, समासात, पेन्सिलीनं:
एल्सिराच्या आईला विचारणे.

मग त्यांनी पान उलटलं,
नद्या सांगायला घेतल्या.
उगम, लांबी, उपनद्या.
सगळ्या पाठ होत्या मला.

आज एकही आठवत नाही.