नाल

डॅनियल समुद्रे आमच्या दुकानात यायचा
त्याच्या आधी त्याचे बूट यायचे.
पापाच्या तिकटीपासून ऐकू:
टकटक, टक, मग एक गाळलेली मात्रा,
आणि त्या रिकाम्या जागेत
बाप हातोडी वर धरून थांबायचा.

पहिला नाल बापानंच ठोकला.
"घोड्याला ठोकत्यात, बैलाला ठोकत्यात.
माणसाला कशापायी रं?"
"वाजाय पायजे, मामा."
"मग घुंगरं बांध की."
घुंगरू घोट्याला वाजतं, हे तळव्याला वाजणार होतं.
हा फरक त्याला वळिवड्याच्या छावणीत
एका पोलिश बाईनं दाखवला,
पाव पोचवायला जायचा तेव्हा,
खोक्यांच्या फळ्या जोडून केलेल्या रंगमंचावर.
दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती.
ती तिच्या आकड्यांत मोजायची.
यानं तेच पाठ केले.

मग स्टुडिओ. रोजचे सात रुपये.
कॅमेरा गुडघ्याखाली.
गुडघ्यावर नायक, त्याची टोपी, त्याचं हसू.
डॅनियल पिटात बसून स्वतःचे पाय बघायचा.
एकदाच शेजाऱ्याला म्हणाला, हे माझे.
शेजारी म्हणाला, गप बस की, बघू दे.

स्टुडिओला कुलूप लागलं
तेव्हा ऑर्केस्ट्रा, साखर कारखान्याचा वर्धापनदिन,
इचलकरंजीत तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाचला,
पत्रा असा वाजला की
चाळीतली कुत्री उठून आली.
मिशनच्या शाळेत गॅदरिंगला पोरं बसवायचा,
महिना साठ रुपये, जानेवारीपुरते.
रेशनकार्डात धंदा काय लिहू, कारकून अडला.
यानं उठून तिथंच दोन पावलं करून दाखवली.
कारकुनानं लिहिलं: बूट.

आम्ही माणूस तळव्यावरून वाचतो.
त्याचा डावा टाचेत झिजायचा, उजवा चवड्यात,
म्हणजे उडी घेतली एका पायानं
आणि उतरला दुसऱ्यावर,
चाळीस वर्षं, दर तीन महिन्यांनी नवे नाल.
पुढं पुढं बापानं फक्त खिळ्यांचे पैसे घेतले.
बापानंतर मीही.

परवा रिक्षातून आला.
बूट पिशवीत, मुके.
"नाल काढ. सुनंनं नवी फरशी बसवलीया, चरे पडत्यात."
मी पक्कड घेतली.
तो स्टुलावर बसून एकेक खिळा मोजू लागला:
येदेन, द्वा, त्शी...
काय मोजताय, विचारलं.
"खिळं," म्हणाला.

उजव्याचा शेवटचा निघेना.
गंजून चामड्यात रुतलेला,
ओढला असता तर तळवाच फाटला असता.
"ऱ्हाऊ दे त्यो."
बूट घातले. नाडी मी बांधली,
त्याला वाकता येत नव्हतं.
पैसे पुढं केले, मी घेतले नाहीत,
तर म्हणाला, "काढायचं बी काम असतंय की."
दोन रुपये ठेवले.

रिक्षापर्यंत दहा पावलं.
पाच वाजली.