शक्यतो

कलम सतरा, पोटकलम ख.
प्रकल्पाचा निधी वेगळ्या खात्यात राहील.
कामगारांच्या पेन्शनची वर्गणी
त्यातून वळती करता येणार नाही,
ठेकेदाराचं दिवाळं निघालं तरी.

सीबीएसजवळ, टायपिंगच्या दुकानात
ठेकेदाराचा माणूस स्टुलावर बसून म्हणतो,
"'वळती'च्या आधी 'शक्यतो' घाला.
एकच शब्द आहे, मॅडम."

एकच.
अप्पांच्या पासबुकातही एकच रकाना कोरा होता,
अकरा वर्षं खाली खाली उतरत गेलेला.
सातपूरची कंपनी बंद पडल्यावरही
भोंग्याच्या वेळेला ते डबा मागायचे
आणि आई द्यायची, भरून.

मी टाईप करते: शक्यतो.
वाक्य तिथेच सैल पडतं,
पायजम्याची नाडी सुटावी तसं.

मग बॅकस्पेस, सहा वेळा.
आधी काना-मात्रा जाते, मग त, मग य,
क पाय मोडून उभा राहतो जरा वेळ,
मग तोही. शेवटी श.

प्रिंट काढून त्याच्यापुढे सरकवते.
"हवाच असेल तर हाताने लिहा,
बाजूला सही करा.
नाव सुवाच्य. तारीखही."

तो खिसे चाचपतो.
पेन वरच्या खिशात आहे,
मला दिसतंय.