मोराची मान

परभणीत, गुजरी बाजाराच्या मागं,
छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर
मुनीरचाचांचं लायटिंगचं गोदाम.
तिथं एक लाकडी ढोल आडवा पडलेला,
अंगभर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या,
समोर बारा पितळी जिभा.
ढोल फिरायचा, जीभ पट्टीला चाटायची,
आणि बाहेर मांडवाच्या तोंडाशी
पंचवीस फुटांचा बल्बांचा मोर
पीस पीस करत उघडायचा.

बत्तीस लगीनसराया उघडला.
मग मोटर जळाली,
आणि तोवर पोरांना चिनी माळा बऱ्या वाटायला लागल्या होत्या.

मी माझी पेटी घेऊन गेले.
"पेटी म्हणतेस, अन् पट्ट्या कुठायत?"
पट्ट्या नव्हत्याच. खुंट्या, भोकं,
आणि लाल-पिवळ्या वायरींचा गुंता.
"गातं काय हे?"
गातं, म्हटलं. आज मात्र त्याला गायचं नाही.

सोळा रिलेंची पाटी टेबलावर ठेवली,
निळ्या, काडेपेटीहून लहान डब्या.
बारा कामाच्या, चार उगीच.
चाचा, इकडं पाच व्होल्ट, तिकडं दोनशेतीस,
दोघांची गाठ कधीच पडत नाही.
इकडं कुणी नुसतं खाकरावं
आणि तिकडच्यानं उठून कडी काढावी,
तेवढंच नातं.
चाचांनी चष्मा वर केला.
"सबस्टेशनात याचा आजा बघितलाय मी.
तो पडला की अख्खं गाव अंधारात."

पहिल्यांदा मी वायर चुकीच्या पायात खोचली.
मोर आधीच लख्ख पेटून उभा,
आणि ताल सुरू केला तसं
एकेक पीस विझत गेलं.
चाचा खोकेपर्यंत हसले.
"पोरी, हा लाजायलाय!"

वायरी बदलल्या. बारा पावलांचा ताल लावला.
टक टक टक टक
पाय, पोट, पिसारा,
टक,
मान.
पुन्हा पाय.
चाचा मोराकडं बघतच नव्हते.
डोळे मिटून डब्यांचा आवाज ऐकत होते.

"बरोबर आहे," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"लईच बरोबर आहे."

सातवी पट्टी ढिली होती म्हणे, पहिल्या वर्षापासून.
पिसारा फुलून जायचा
आणि मान मागून वळायची, जराशी उशिरा.
नवरी गाडीतून उतरताना लोक सांगायचे,
थांब, मोराला बघू दे तुला.

मी सातव्या पावलाला उशीर जोडला.
चाचा बोटानं टेबल वाजवून दाखवत राहिले.
नाही. नाही. जास्त झालं, हा तर झोपला.
थोडं अलीकडं.
एकशे चाळीस मिलिसेकंदांवर बोट थांबलं.
"पण रोज एवढंच नसायचं.
जानेवारीत ग्रीस गोठायचं ना."
मग थोडा लहरी व्होल्टेज आणून
त्या उशिरात सोडला.
कधी एकशे तीस, कधी दोनशे, त्याच्या मर्जीनं.
त्या खुंटीखाली चाचांनी
पांढरी चिकटपट्टी लावली,
पेनानं लिहिलं: थंडी.

उरुसात दर्गा रोडला मोर उभा केला.
पाळणा फिरायला लागला की व्होल्टेज बसायचं,
मोर मलूल व्हायचा, परत सावरायचा.
पलीकडं कव्वाली, हलव्याच्या कढया,
लाऊडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं.
माझी पेटी ताडपत्रीखाली,
पाच रात्रींत एक सूर बोलली नाही.
मी कान लावून बसायचे,
त्या गलक्याखाली
उंदरानं शेंगदाणे फोडावेत तसं
टक, टक.

तिसऱ्या रात्री शेजारच्या मांडवाचा वायरमन आला,
ओठाखाली तंबाखू, खिशाला टेस्टर.
"चाचा, मानेचं कनेक्शन लूज आहे तुमचं.
आवळून देऊ का?"

चाचा स्टुलावर बसले होते, शाल गुंडाळून.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
मग मोराकडं.
मोरानं पिसारा फुलवला,

आणि आम्ही तिघंही थांबलो.