बहिरा सेट

खल्फानने सेट आणला टॉवेलात गुंडाळून,
गाडीत शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
"बहिरा झालाय," मोडक्या हिंदीत म्हणाला,
"पण आपण एकदा बोललो की ऐकतो.
तासाभराने पुन्हा तेच."

मी इथे सूर गावात समुद्राचं मीठ काढतो.
म्हणजे कंपनी काढते. मी गेज वाचतो,
बारा तास, आणि वहीत आकडे भरतो.
रात्री सात नंबरच्या खोलीत
वरच्या बंकवर नॉर्बर्ट घोरतो,
खाली माझं दुकान: मीटर, कातर, डाख लावायची कांडी.

झाकणाचे अकरा स्क्रू. बशीत ठेवले, मोजून.
आत धूळ, इतकी बारीक
की चिमटीत धरली तर नाचणीचं पीठ.

आधी नाक, शिंपी सर सांगायचे
भुसावळच्या आयटीआयच्या शेडमध्ये,
जळलेलं कधी लपत नाही.
वास नव्हता.
मग डोळे. कपॅसिटर फुगलेले नाहीत,
डाख कुठे तडकलेला नाही.
मग मीटर. तेरा पॉइंट आठ, न हलता.
आता उरला कान.

गच्चीच्या कठड्यावरून तार सोडली होती, ती जोडली:
नुसती खरखर, तीही लांबची,
शेजारच्या घरात काहीतरी तळत असल्यासारखी.
तार काढली, डमी लोड लावला
(रंगाच्या डब्यात तेल, तेलात रेझिस्टर,
बोलाल ते बाहेर न जाता तेलातच मुरतं.
मला परवाना नाही, हवेत बोलायची सोय नाही)
आणि बटण दाबून म्हणालो, "हॅलो."
तेलाला म्हणालो.
आत टक् वाजलं.
पुन्हा तार जोडली तर
सगळा अरबी समुद्र खोलीत,
फारसी, शिट्ट्या, मोर्सची टिकटिक,
आणि कुणी एक म्हातारा इंग्रजीत
आपली पाठ कशी धरते ते सांगत होता.

तासाभराने पुन्हा सगळं गेलं.
तेव्हा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने
बोर्डभर हळूच टकटक करत गेलो,
कुकरसमोर बसून शिट्टीची वाट बघावी तसा.
काळ्या चौकोनी रिलेवर टोक टेकलं
आणि म्हाताऱ्याची पाठ परत आली.

रिलेत एक पातं असतं.
बटण दाबलं की बोलण्याकडे वाकतं,
सोडलं की ऐकण्याकडे येतं.
खल्फानचा सेट महिनोन् महिने फक्त ऐकायचा.
त्याला बोलायला वेळ कुठला, कस्टमची नोकरी, चार मुली.
नुसतं ऐकत राहिलेल्या टोकावर
ही खारी हवा थर चढवते.

टोपण ब्लेडने उघडलं.
पगाराच्या स्लिपची कड कापून
स्पिरिटमध्ये बुडवली, पात्याच्या फटीतून ओढली.
एक काळी रेघ. दुसऱ्यांदा करडी.
तिसऱ्यांदा कागद कोरा.
दिवसभर मीठ, आणि रात्रीही मीठच.

पहाटे खल्फान आला,
हवेत आपलं नाव-निशाण सांगितलं,
कुणीतरी कुठून म्हणालं, स्वच्छ येतोय.
पैसे विचारले त्याने. मी म्हटलं, हलवा आण, केशराचा.
झाकणाला स्क्रू दहाच लागले.
अकराव्याचं भोक सापडेना, तो खिशात टाकला.

शुक्रवारी घरी फोन.
मुलगा म्हणतो हं, मी म्हणतो हं,
मग तो म्हणतो आईला देऊ का.
या वेळी त्याने "हं" म्हणायच्या आत
खिशातला स्क्रू फिरवत मी सुरूच झालो,
रिले, तेलाचा डबा, म्हाताऱ्याची पाठ.
पलीकडे काही नाही.
पंखा ऐकू येत होता आमच्या घरचा, कुरकुरणारा.
मला वाटलं लाइन गेली.
मग तो म्हणाला,
"पण पेन्सिलनेच का? बोटाने का नाही?"